चौकटीबाहेर गेलेली रेघ

एका चौकटीत दोन रेघा काढून इतिहास वाचण्याची रीत जुनी आहे. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ॲटलसमध्ये इंग्लंडची आयात आणि निर्यात एकत्र रेखाटली. दोन रेघांमधल्या जागेतच व्यापाराची शिल्लक किंवा तूट दिसे.

आज हे काम संगणक करतो. बेल लॅब्जमध्ये १९७६ साली जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी ‘एस’ ही संख्याशास्त्राची भाषा सुरू केली. तिच्या धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ‘आर’ घडवली. २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. ती फुकट असल्याने नातेपुत्यात बसून मलाही वापरता येते.

इथल्या विद्यार्थ्यांसमोर जनगणनेवर बोलायचे होते. महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती? १९९१ मध्ये ९३४, २००१ मध्ये ९२२, २०११ मध्ये ९२९. ‘प्लॉट’ या आज्ञेने ही रेघ काढली. शेवटी ती वर वळत होती, बरे वाटले. मग ‘लाइन्स’ या आज्ञेने सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचे गुणोत्तर त्यावरच चढवले. पडद्यावर दाखवताच एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मुलींची रेघ कुठं गेली?”

रेघेचा मधला तुकडा तेवढा दिसत होता. ‘प्लॉट’ने पहिल्या आकड्यांवरून, म्हणजे ९२२ ते ९३४ एवढीच, चौकट आखली होती. ‘लाइन्स’ चौकट बदलत नाही. मुलींचे आकडे होते ९४६, ९१३ आणि ८९४. तिन्ही चौकटीबाहेर! संगणकाने चूक झाल्याचे सांगितलेही नाही.

दुरुस्ती सोपी होती. दोन्ही मालिकांतला सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा आधी काढून त्यानुसार उभा अक्ष ठरवला. ‘मॅटप्लॉट’ ही आज्ञा हे आपोआप करते. छापील पानावर रंग नसतात म्हणून एक रेघ अखंड, दुसरी तुटक ठेवली. अक्ष शून्यापासून सुरू होत नसल्याने उतार अधिक तीव्र भासतो. म्हणून प्रत्येक बिंदूपाशी आकडाही लिहिला.

आता खरी गोष्ट दिसली. २००१ ते २०११ या काळात एक रेघ चढते, दुसरी उतरते. पहिलीत सगळ्या वयांची माणसे आहेत. दुसरीत फक्त जनगणनेआधीच्या सात वर्षांत जन्मलेली. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १९९६ पासून लागू झाला. १९९६ वर मी उभी रेघ मारली. तुटक रेघ तिच्या पलीकडेही उतरतच राहिली.

नुसती पहिली रेघ पाहून मी ‘परिस्थिती सुधारली’ असे लिहिले असते आणि त्यातला एकही आकडा खोटा नसता. तेव्हापासून चौकट आखण्याआधी मी सगळ्या मालिका मांडून घेतो. त्या मुलीचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.