दोन टोपल्या खापरं

आमच्या वऱ्हाडात जमीन दोनच प्रकारची. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, कपाशी-तुरीची. पांढरी म्हणजे गावठाण. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली, मातीच्या भिंती पडल्या, चुलीची राख आणि गोठ्यातला गाळ साठत गेला, की खालची जमीन फिकट होते. नदीकाठच्या काळ्याभोर शेतात मधेच असं पांढरं टेकाड दिसलं की समजायचं, खाली जुनं गाव झोपलंय. हे कळायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. शेतकऱ्याला ते आधीच माहीत असतं. म्हणून तर तो गाडी भरभरून ती माती धाब्यावर टाकायला आणि शेतात पसरायला नेत आला. बैलगाडी होती तोवर टेकाड हळूहळू झिजत होतं. ट्रॅक्टर आल्यावर काय झालं ते सांगायला नको.

एम.ए.ला असताना पूर्णेकाठच्या अशाच एका टेकाडावर आमचं उत्खननाचं शिबिर होतं. गावाचं आणि संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सकाळी सातला थंडीत कुडकुडत चौकोनावर हजर व्हायचं. खुरपी, ब्रश, टेप, ओळंबा आणि वही, एवढं आपल्याजवळ. कुदळ-घमेलं गावातल्या मजुरांकडे. दोन चौकोनांच्या मध्ये मातीचा एक बांध न खणता ठेवायचा, म्हणजे त्याच्या उभ्या कापावर थर एकाखाली एक वाचता येतात. दुपारी खापरं धुवायची, वाळवायची, थराप्रमाणे ढीग लावायचे. सोनं-नाणं मनात घेऊन आलेला मुलगा चौथ्या दिवशी कंटाळतो. गावातली माणसं बांधावर उभी राहून विचारायची, "काय जी, सोनं-गिनं भेटलं काय?" आम्ही खापरांची टोपली दाखवली की हसायची. "हे जमा कराले इतके शिकले काय?"

प्रश्न तसा बरोबरच होता.

ही सगळी कवायत आली कुठून, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. इंग्लंडमध्ये वेरुलेमियम नावाचं रोमन शहर आहे. तिथे १९३० ते १९३३ या काळात मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांची पत्नी टेसा यांनी खणलं, आणि खणता खणता विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली. मुलांना हातात हात धरून शिकवण्याचं काम मोठ्या प्रमाणात टेसाचं होतं असं म्हणतात. ती १९३६ मध्ये गेली आणि नाव नवऱ्याचं झालं. (हे नेहमीचंच. असो.) व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी तक्षशिलेला प्रशिक्षणवर्ग भरवला आणि १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळ आरिकामेडूला खणलं. तिथे इटलीत बनलेली लाल, चकचकीत अरेटाइन भांडी निघाली. त्या भांड्यांचा काळ युरोपात पक्का ठाऊक होता. त्यामुळे ज्या थरात ती सापडली तो थर आणि त्यातली देशी भांडी, सगळ्यांनाच इसवी सनाचं पहिलं शतक मिळालं. एक परदेशी खापर अख्ख्या थराची जन्मतारीख सांगतं. पण अट एकच, ते खापर नक्की त्याच थरातलं असायला हवं.

विदर्भात ही शिस्त रुजवली ती शां. भा. देव यांनी. नेवाशाच्या १९५४-५६ च्या उत्खननात ते सांकलियांबरोबर होते. भूमध्य समुद्राकडून आलेल्या दोन कानांच्या मद्यकुंभांचे तुकडे तिथेही निघाले होते. पुढे ते नागपूर विद्यापीठात आले. त्यांच्या कामाची यादी मी एकदा वहीत उतरवून काढली आणि थक्क झालो. पवनार खणलं १९६७ मध्ये, अहवाल १९६८ मध्ये. टाकळघाट-खापा १९६८-६९, अहवाल १९७०. पवनी १९६९-७०, अहवाल १९७२. माहूरझरी १९७०-७२, अहवाल १९७३. भोकरदन १९७३, अहवाल १९७४. कुठल्याही अहवालाला दोन-तीन वर्षांहून जास्त लागलं नाही. उत्खननाच्या जगात हे किती दुर्मीळ आहे ते त्या धंद्यातल्या माणसाला विचारा.

त्यातलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. बुलढाण्याहून फार लांब नाही. तिथे हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा खालचा भाग मिळाला, शेजारी दासी असलेला. अगदी याच घडणीची अख्खी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईला सापडली होती. व्हेसुव्हियसच्या राखेखाली इसवी सन ७९ पासून गाडलेली. दख्खनच्या कुठल्या तरी बाजारातून निघालेली बाई तिथवर पोचली असेल, असं काही अभ्यासकांनी मांडलं ते भोकरदन आणि तेरच्या हस्तिदंती मूर्तींच्या बळावर. ही जोडी लावता आली, कारण भोकरदनचा तुकडा कुठे, किती खोल, कशाच्या सोबत मिळाला हे छापलेलं आहे.

आता माझी गोष्ट.

शिबिराच्या दहाव्या-अकराव्या दिवशी माझ्या चौकोनात चौथा थर चालू होता. मी वहीत लिहिण्यात गुंग. कुदळ चालवणारे बाबा, वय साठीच्या पुढचं, मधेच थांबले. म्हणाले, "बाबू, पाय ना. आवाज बदलला." मी म्हटलं, चालू द्या. त्यांनी चालू दिलं. संध्याकाळपर्यंत दोन टोपल्या खापरं निघाली. दोन्हींवर मी 'थर ४' अशी चिठ्ठी बांधली.

त्या टोपल्यांत एका जाड कानाचा तुकडा होता. भांड्याचा कान, गोलसर, बाहेरून फिकट. रात्री कंदिलाभोवती त्यावर चर्चा रंगली. मद्यकुंभाचा असेल का? रोमन? पूर्णेच्या काठावर? मी तर मनातल्या मनात निबंधाचं शीर्षक सुद्धा ठरवून टाकलं.

सकाळी बाबा माझ्याआधी चौकोनात उतरले होते. पायाने माती चाचपत म्हणाले, "हे पेव हाये, बाबू. आमच्या घरी होतं असंच." आणि मला दिसलं. काल जिथे आवाज बदलला तिथून गोल कड स्पष्ट होती. नंतरच्या कुणीतरी धान्यासाठी वरून पेव खणलं, ते चौथ्या थराच्या आरपार गेलं आणि पुढे कचऱ्याने भरलं. मी पेवातली खापरं आणि थरातली खापरं एकाच टोपलीत घातली होती. तो कान सातवाहनांच्या वेळचा की त्यानंतर पाचशे वर्षांनी फेकलेला, हे सांगायचं साधन मीच मोडून टाकलं होतं. ती माती परत खणता येत नाही. खणणं म्हणजे असं पुस्तक वाचणं, ज्याचं पान वाचता वाचता फाटतं.

सरांना सांगायला अर्धा दिवस घेतला मी. खोटं नाही बोलत, न सांगण्याचाही विचार केला होता. सर ओरडले नाहीत. तो कान हातात फिरवत एवढंच म्हणाले, "रोमन असेलही. पण हा कुठल्या थरातला, हे तू छातीवर हात ठेवून सांगशील?" मग वही पुढे केली. चिठ्ठ्या खोडायच्या नाहीत. त्यांच्याखाली तारीख घालून लिहायचं: पेव ओळखलं नाही, दोन्ही टोपल्या मिश्र, कालनिर्णयासाठी वापरू नयेत. पेव कुणी ओळखलं तेही लिहायला लावलं, बाबांच्या नावासकट.

मुलांना खऱ्या स्थळावर शिकू द्यावं का, हा वाद जुना आहे. मी दोन्ही बाजूंना उभा राहू शकतो. माझ्यासारख्याने जागा बिघडवली हे खरंच. पण त्या टेकाडाची उरलेली पांढरी नंतर ट्रॅक्टरने गेली, आणि तिथे चिठ्ठीही नव्हती. पूर्णेच्याच खोऱ्यात भोनला डेक्कन कॉलेजने खणलं, विटांचा स्तूप निघाला. ती जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात. चांदूर बाजार तालुक्यातल्या फुबगावला पुरातत्त्व सर्वेक्षणाने डिसेंबर २०१८ ते मार्च २०१९ मध्ये खणलं तेव्हा लोहयुगातली वस्ती उघडी झाली. वाचताना माझी नजर मात्र आधी पेवं शोधत होती.

आमच्या शिबिराचा अहवाल निघाला नाही. सर निवृत्त झाले, खापरांच्या गोण्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्या. वही जमा करण्याआधी मी माझी पानं हाताने उतरवून घेतली होती, ती अजून कपाटात आहेत. मधे एकदा अकोल्याहून येताना वाट वाकडी करून त्या गावी गेलो. बाबा नव्हते. त्यांच्या नातवाला मी ते पान दाखवलं, त्यावरचं आजोबांचं नाव दाखवलं. त्याने मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि विचारलं, "मंग त्या पेवात काय भेटलं होतं जी?"

मी म्हटलं, एक कान.