केप्लरचे स्वप्न

कथेतली आई ही लेखकाचीच आई, असे धरून चालणारे वाचक मलाही भेटतात. योहानेस केप्लरला मात्र ते फार महाग पडले. ‘सोम्नियुम’, म्हणजे स्वप्न, या त्याच्या कथेतली आइसलंडची आई खलाशांना झाडपाल्याच्या पुरचुंड्या विकते, पिशाच्चाला बोलावते. आणि ते पिशाच्च चंद्रावरून फिरती पृथ्वी कशी दिसते ते सांगते. कोपर्निकसचे शास्त्र गळी उतरवण्याची केवढी नामी युक्ती! १६११ च्या सुमारास हस्तलिखित बाहेर गेले. १६२० साली त्याची म्हातारी आई काथारिना चेटकीण म्हणून पकडली गेली. शेजाऱ्यांची कुरबूर जुनीच होती. तरी आपली कथाच भोवली, असा केप्लरला संशय. तो स्वतः तिच्या बचावाला उभा राहिला. १४ महिन्यांनी ती सुटली, १६२२ त वारली. पुढे त्याने त्या चिमुकल्या कथेला २२३ टिपा जोडल्या. पुस्तक निघाले १६३४ त, तो गेल्यावर. कथेहून टिपाच लांब. पण त्या आधी वाचाव्यात, या मताचा मी आहे.