शिशाच्या सैनिकांची डागडुजी आणि खेळ : एका छंदाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहताना

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट, नाणी व वास्तू यांचाच प्रामुख्याने उल्लेख केला जातो. मुलांच्या खेळण्यांना या यादीत क्वचितच स्थान मिळते. वास्तविक खेळणे हे त्या त्या समाजाने आपल्या पुढच्या पिढीच्या हाती दिलेले जगाचे छोटे चित्र असते. महाराष्ट्रात दिवाळीच्या दिवसांत मुले मातीचे किल्ले बांधतात व त्यांवर मावळे मांडतात. त्या मावळ्यांतून शिवकालाविषयीची एक विशिष्ट कल्पना मुलांच्या मनात रुजते. युरोपात, विशेषतः इंग्लंड, जर्मनी व फ्रान्समध्ये, हेच कार्य एकोणिसाव्या शतकात शिशाच्या व कथलाच्या सैनिकांनी केले.

असे जुने सैनिक गोळा करणे, त्यांची डागडुजी करणे आणि त्यांच्या साहाय्याने नियमबद्ध युद्धखेळ खेळणे हा आज एक प्रौढांचा छंद आहे. या छंदातून इतिहासाच्या अभ्यासकासमोर एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. मोडलेला सैनिक दुरुस्त करताना नेमके कशाचे जतन करावयाचे? कारखान्याने दिलेल्या मूळ रूपाचे, मुलांच्या हाताळणीतून उमटलेल्या खुणांचे, की तो सैनिक ज्या पलटणीचे नाव धारण करतो त्या पलटणीच्या खऱ्या इतिहासाचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चर्चा केली असून, त्यासाठी लंडनच्या ‘ब्रिटन्स’ या कारखान्याने बनविलेल्या मुंबई लष्कराच्या पलटणींचे उदाहरण घेतले आहे.

१. शिशाच्या सैनिकाची घडण

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे शहर कथलाच्या चपट्या सैनिकांच्या निर्मितीचे केंद्र बनले. तेथील हिल्पर्ट या कारागिराने १७७७ मध्ये घडविलेली फ्रेडरिक द ग्रेट याची आकृती प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात हाइनरिक्सन यांच्या कारखान्यामुळे या चपट्या सैनिकांचे एक ठरावीक आकारमान रूढ झाले. पुढे ड्रेस्डेन येथील हायडे व फ्रान्समधील मिन्यो यांच्या कारखान्यांत भरीव, पूर्ण आकाराचे सैनिक तयार होऊ लागले. हे सैनिक देखणे होते. तथापि भरीव धातूमुळे ते जड व महाग पडत.

१८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन (धाकटे) यांनी पोकळ ओतकामाची पद्धत खेळण्यातील सैनिकांसाठी यशस्वीपणे वापरली. या पद्धतीत वितळलेले शिशाचे मिश्रण धातूच्या साच्यात ओतले जाई. साच्याला लागलेला बाहेरचा थर गोठताच आतील पातळ धातू एका छिद्रातून पुन्हा बाहेर ओतून घेतला जाई. परिणामी सैनिक आतून पोकळ व वजनाने हलका होई आणि शिसे कमी लागल्याने त्याची किंमतही उतरत असे. इंग्लंडच्या बाजारपेठेवरील जर्मन मालाचे वर्चस्व मोडून काढण्यास हे तंत्र मुख्यत्वे कारणीभूत ठरले. सुमारे ५४ मिलिमीटर उंचीचे हे सैनिक लाल खोक्यांतून विकले जात. पायदळाच्या नेहमीच्या संचात आठ व घोडदळाच्या संचात पाच आकृत्या असत. रंगकामाचा बराचसा भाग घरी बसून काम करणाऱ्या स्त्रिया करीत. त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या दोन सैनिकांच्या रंगरेषांत जो सूक्ष्म फरक आढळतो, तो त्या अनाम कामगार स्त्रियांच्या हाताचा ठसाच होय.

२. जमिनीवरील युद्धे

खेळातील सैनिकांना नियमांची जोड देण्याची कल्पना मूळची लष्करी आहे. प्रशियामध्ये राइस्वित्झ पितापुत्रांनी विकसित केलेला ‘क्रीगश्पील’ हा खेळ १८२४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वीकारला गेला. घरगुती खेळाची परंपरा मात्र वेगळी आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८८१-८२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे आपला सावत्र मुलगा लॉइड ऑसबर्न याच्यासमवेत अशी युद्धे मांडली होती. ऑसबर्नने त्यांचा वृत्तांत १८९८ मध्ये प्रसिद्ध केला.

या परंपरेतील सर्वांत प्रभावी पुस्तक म्हणजे एच. जी. वेल्स यांचे १९१३ चे ‘लिटल वॉर्स’ होय. वेल्स यांच्या खेळात पायदळ एका खेपेस एक फूट व घोडदळ दोन फूट पुढे सरकत असे. प्रत्येक खेपेला वेळेची मर्यादा असे. स्प्रिंगवर चालणाऱ्या छोट्या तोफेतून लाकडी कांडी उडवून प्रतिपक्षाचे सैनिक प्रत्यक्ष पाडले जात. म्हणजे या खेळात सैनिकांची मोडतोड हा अपघात नसून नियमाचाच भाग होता, ही बाब येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

वेल्स यांनी या छोट्या युद्धाची बाजू मांडताना खऱ्या युद्धाच्या मूर्खपणावर बोट ठेवले. दिवाणखान्यातील लढाईत कोणाचे घर जळत नाही, कोणी विधवा होत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. परंतु पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि याच वेल्स यांनी १९१४ मध्ये युद्धाचा अंत करणारे युद्ध म्हणून त्याचे समर्थन केले. खेळातील युद्ध खऱ्या युद्धाला पर्याय ठरेल ही आशा फोल ठरली, असेच म्हणावे लागेल. दुसऱ्या महायुद्धात शिशाची खेळणी बनविणे थांबले. हायडे यांचा कारखाना १९४५ मधील ड्रेस्डेनवरील बॉम्बवर्षावात नष्ट झाला. पुढे प्लॅस्टिकचा प्रसार व शिशाच्या विषारीपणाची जाणीव यांमुळे ब्रिटन्स कारखान्यानेही १९६६ मध्ये शिशाचे सैनिक बनविणे बंद केले. त्याआधीच, १९६२ मध्ये, डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकाने प्रौढांच्या युद्धखेळाला नवी चालना दिली होती.

३. डागडुजीचे तंत्र आणि त्यातील निर्णय

जुन्या सैनिकांच्या व्याधी साधारणतः तीन प्रकारच्या असतात. पहिली व्याधी मोडतोडीची होय. पोकळ सैनिकाची मान हा त्याचा सर्वांत दुबळा भाग. तुटलेले डोके पुन्हा बसविण्यासाठी मानेच्या पोकळीत आगकाडीचा तुकडा खोचण्याची युक्ती पूर्वापार चालत आली आहे. हलणारे हात, संगिनी व घोड्यांचे पाय हेही हमखास तुटणारे भाग असून, आज त्यांचे नव्याने ओतलेले पर्यायी भाग मिळू शकतात. दुसरी व्याधी रंग उडण्याची. तिसरी व सर्वांत घातक व्याधी धातूच्या क्षरणाची. दमट हवा आणि ओकसारखे लाकूड किंवा हलका पुठ्ठा यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा यांमुळे शिशावर पांढरी भुकटी धरते व आकृती आतून पोखरली जाते. ही भुकटी विषारी असल्याने ती कोरडी घासून काढणे धोक्याचे असते. ज्या लाकडी कपाटात सैनिक जपून ठेवावेत तेच कपाट त्यांचा नाश करू शकते, ही गोष्ट जतनकार्याच्या दृष्टीने बोधप्रद आहे.

तंत्रापेक्षाही त्यामागील निर्णय अधिक कठीण असतो. संग्राहक मूळ रंगाला सर्वाधिक महत्त्व देतो. त्याच्या लेखी पुन्हा रंगविलेल्या सैनिकाचे मोल घटते. खेळाडूला मात्र पटावर शोभेल असा सुबक सैनिक हवा असतो. म्हणून खेळासाठी बहुधा तेच सैनिक निवडले जातात जे आधीच मोडलेले, रंग गेलेले व संग्राहकांनी नाकारलेले असतात. खेळाडू त्यांना नवे हात, नवा रंग व नवे काम देतो. या छंदामुळे वितळविण्याच्या भांड्यात जाऊ शकणाऱ्या कित्येक आकृत्या वाचल्या, हे मान्य केले पाहिजे.

तथापि इतिहासाच्या दृष्टीने आगकाडीने जोडलेली मान हा दोष नसून पुरावा आहे. हा सैनिक खेळला गेला, पडला, आणि टाकून न देता कोणीतरी त्याला पुन्हा उभे केले, हे ती काडी सांगते. कोऱ्या खोक्यातील अस्पर्श सैनिक कारखान्याचा इतिहास सांगतो. मोडका सैनिक घराचा इतिहास सांगतो. पूर्ण रंग खरवडून सैनिक नव्यासारखा करणारा कारागीर हा दुसरा इतिहास नकळत पुसून टाकतो. यास्तव दुरुस्ती शक्यतो कमीत कमी, पुन्हा काढून टाकता येईल अशी व नोंद ठेवून करावी, हे वस्तुसंग्रहालयीन तत्त्व या छंदालाही लागू पडते.

४. मुंबईच्या पलटणी लंडनच्या खोक्यात

ब्रिटन्सच्या यादीत भारतीय लष्कराच्या पलटणींना आरंभीच्या काळातच स्थान मिळाले. संच क्रमांक ६६ ‘पहिली बॉम्बे लान्सर्स’ या घोडदळाचा व क्रमांक ६८ ‘दुसरी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री’ या पायदळाचा होता. खोक्यावरील नाव कालनिर्णयास कसे उपयोगी पडते हे पहिल्या संचावरून स्पष्ट होते. ही पलटण १९०३ च्या पुनर्रचनेत ३१ व्या क्रमांकाची झाली आणि पुढे दुसऱ्या पलटणीत विलीन होऊन १३ वी ड्यूक ऑफ कनॉट्स ओन लान्सर्स बनली. हे शेवटचे नाव ज्या खोक्यावर आहे ते खोके त्या विलीनीकरणापूर्वीचे असू शकत नाही.

दुसऱ्या संचाचे महत्त्व मराठी वाचकासाठी अधिक आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी लढलेली कंपनीची तुकडी ही बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होती. हीच पुढे दुसरी बॉम्बे ग्रेनेडियर्स या नावाने ओळखली गेली. कोरेगावच्या स्तंभावर पडलेल्या सैनिकांची नावे कोरलेली असून त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली अनेक महार सैनिकांची नावे आहेत.

येथे कालक्रमाकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. लंडनमध्ये पोकळ सैनिकांचे ओतकाम सुरू झाले ते १८९३ मध्ये. आणि १८९२-९३ च्या सुमारासच तथाकथित लढवय्या जातींच्या सिद्धान्ताला अनुसरून महारांची लष्करभरती थांबविण्यात आली. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये व शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये या अन्यायाविरुद्ध अर्ज-विनंत्यांचा मार्ग अवलंबिला. पहिल्या महायुद्धात १११ वी महार ही पलटण उभारली गेली, ती युद्धानंतर काही वर्षांतच मोडली. १९४१ मध्ये महार रेजिमेंटची स्थापना झाली. तात्पर्य, ज्या दशकात इंग्रज मुले मुंबईच्या पायदळाची पलटण जमिनीवर मांडू लागली, त्याच दशकात त्या पलटणीच्या कीर्तीत वाटा असलेल्या समाजाला खऱ्या पलटणीचे दरवाजे बंद झाले होते.

खोक्यातील सर्व सैनिक एका साच्याचे आहेत. फेटा आहे, बंदूक आहे, चेहऱ्याला तपकिरी रंगाचा एकच हात आहे. स्तंभाला नावे आहेत. खेळण्याला केवळ गणवेश आहे. साम्राज्याला आपल्या हिंदी शिपायाकडून काय हवे होते, हे यापेक्षा थोडक्यात क्वचितच सांगता येईल.

अशा संचाची डागडुजी करणाऱ्याने कशाशी प्रामाणिक राहावे? लष्करी गणवेशाची पुस्तके पाहून रंग ‘बरोबर’ करणे शक्य आहे. परंतु तसे केल्याने कारखान्याने केलेले सोपे, ढोबळ चित्रण झाकले जाईल व वसाहतकालीन दृष्टीचा एक अस्सल पुरावा नाहीसा होईल. म्हणून मूळ रंग शिल्लक असलेली आकृती तशीच राखावी; ज्यांचा रंग पूर्णतः गेला आहे अशाच आकृत्या खेळासाठी नव्याने रंगवाव्यात व तसे त्यांच्या तळाशी लिहून ठेवावे, असे सुचवावेसे वाटते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, शिशाच्या जुन्या सैनिकात तीन इतिहास एकावर एक साचलेले असतात : कारखान्याचा, घरातील खेळाचा आणि चित्रित केलेल्या पलटणीचा. संग्राहक पहिला जपतो, खेळाडू दुसरा पुढे चालवितो. तिसरा मात्र धातूत कोठेच नसतो. तो स्तंभावर, अर्जांत व पलटणींच्या नोंदींत शोधावा लागतो. तो शोधण्याची जबाबदारी या छंदाने स्वीकारली तर डागडुजी हे केवळ हस्तकौशल्य न राहता इतिहासलेखनाचा एक प्रकार ठरेल. अन्यथा सैनिक पुन्हा नवा दिसेल, पटावर दिमाखाने उभाही राहील. परंतु तो कोणाच्या नावाने उभा आहे, हे त्याला हलविणाऱ्या हाताला कळणार नाही.