माहुताचा मुलगा, मोगली आणि मसरानी

साबू म्हटले की माझ्या पिढीला चाचा चौधरींच्या घरी राहणारा, गुरू ग्रहावरून आलेला अगडबंब साबू आठवतो. त्या चित्रकथेच्या खूप आधी मात्र एक हाडामांसाचा साबू होऊन गेला. तो म्हैसूर संस्थानातल्या एका मुसलमान माहुताचा मुलगा होता. तेराव्या वर्षी तो जगभरच्या पडद्यावर झळकला आणि एकोणचाळिसाव्या वर्षी अमेरिकेत वारला. आज त्याचे नाव आपल्या समाजात फारसे कुणाला ठाऊक नाही. सुपरहिरोंचे सिनेमे पाहणाऱ्या आपल्या मुलांना ते सांगावे, एवढ्यासाठी हा लेख. शिवाय पडद्यावर ‘आपला माणूस’ दिसला की आपण नेमके कशावर खूश होतो, याचाही विचार या निमित्ताने करता येईल.

साबूचा जन्म 27 जानेवारी 1924 चा. गाव कारापूर, काकनकोटेच्या हत्तींच्या जंगलालगतचे. वडील म्हैसूरच्या महाराजांच्या हत्तीखान्यात नोकरीला होते. आई लहानपणीच गेली, पुढे वडीलही गेले आणि मूल हत्तीखान्याच्या आश्रयाने वाढले. पुस्तकांत त्याचे नाव ‘साबू दस्तगीर’ असे आढळते, पण दस्तगीर हे त्याच्या थोरल्या भावाचे नाव, शेख दस्तगीर. दख्खनमध्ये पीरान-ए-पीरांच्या नावाने मुलाचे नाव दस्तगीर ठेवण्याची चाल जुनी आहे. आपल्याकडे सोलापूर, लातूर, उस्मानाबाद भागातल्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर हे नाव सापडेल. परदेशातल्या कारकुनांना नाव कुठले आणि आडनाव कुठले हे उमगले नाही, आणि भावाचे नाव धाकट्याला कायमचे चिकटले. पडद्यावर मात्र तो नुसता ‘साबू’ राहिला.

माहितीपटांसाठी प्रसिद्ध असलेले रॉबर्ट फ्लाहर्टी म्हैसूरला आले ते रुडयार्ड किपलिंगच्या एका गोष्टीवर चित्रपट करायला. गोष्टीतला तूमाई हा माहुताचा मुलगा, आणि त्या भूमिकेसाठी त्यांना खराच माहुताचा मुलगा मिळाला. उरलेले चित्रीकरण निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांच्या लंडनजवळच्या स्टुडिओत व्हायचे होते, म्हणून साबू भावासोबत विलायतेला गेला. ‘एलिफंट बॉय’ 1937 साली आला आणि या मुलाच्या मोकळ्या हसण्याने लोकांना जिंकले.

इथे एक तुलना करण्याजोगी आहे. त्याच कोर्डांनी पुढे आणलेली दुसरी तारका म्हणजे मर्ल ओबेरॉन. तिचा जन्म मुंबईचा, पण ती आयुष्यभर आपण टास्मानियात जन्मल्याचे सांगत राहिली. तिचा रंग तेवढा उजळ होता, त्यामुळे लपवणे जमले आणि नायिकेच्या भूमिका मिळाल्या. साबूला लपवण्याची सोय नव्हती. त्याचे भारतीयपण हेच त्याचे भांडवल होते आणि तीच त्याची चौकटही ठरली.

ती चौकट पुढच्याच चित्रपटात दिसली. 1938 चा ‘द ड्रम’ वायव्य सरहद्दीवर घडतो. साबू यात राजपुत्र अझीम. त्याचा काका गुल खान सत्ता बळकावतो आणि इंग्रजांच्या कत्तलीचा बेत रचतो. अझीम इंग्रज अधिकाऱ्यांचा मित्र असल्याने धोका पत्करून त्यांना सावध करतो. एक वाईट मुसलमान, एक चांगला मुसलमान. चांगला कोण, तर जो साहेबाच्या उपयोगी पडतो तो. हा साचा आपण नंतर किती चित्रपटांत पाहिला, ते वाचकांनीच मोजावे.

हा चित्रपट मुंबईत लागला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. पठाणांना रानटी आणि दगाबाज दाखवले आहे, असा मुसलमानांचा रोष होता, तर राष्ट्रवादी मंडळींचा आक्षेप साम्राज्याच्या जाहिरातबाजीवर होता. अखेर चित्रपट मागे घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी ‘गंगा दीन’ आला, तो किपलिंगच्या नावावर. त्यावर मुंबईच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकात ख्वाजा अहमद अब्बास यांनी कडाडून लिहिले. मासिकाचे संपादक बाबूराव पटेल. म्हणजे पानिपतहून आलेला एक मुसलमान पत्रकार आणि मुंबईचा एक मराठी संपादक, दोघे मिळून परदेशी चित्रपटातल्या हिंदी माणसाच्या चित्रणावर लढत होते. आपल्या इतिहासातला हा प्रसंग मला मोलाचा वाटतो. कारण अब्बास केवळ निषेधावर थांबले नाहीत. पुढे त्यांनी स्वतः पटकथा लिहिल्या, चित्रपट काढले, आपली माणसे आपल्या नजरेने दाखवली. दगड फेकून एखादा चित्रपट उतरवता येतो, पण त्याच्या जागी काय लावायचे हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर लेखणीने द्यावे लागते.

साबूची सर्वांत गाजलेली भूमिका म्हणजे 1940 चा ‘द थीफ ऑफ बगदाद’. महायुद्ध सुरू झाल्यामुळे हा चित्रपट अर्धा इंग्लंडमध्ये आणि उरलेला अमेरिकेत पुरा झाला. साबू यात अबू नावाचा छोटा चोर आहे. तो बाटलीतल्या जिन्नला चकवतो, उडत्या गालिच्यावर बसतो आणि ऐन वेळी पोहोचून आंधळ्या-डोळस संकटांतून गेलेल्या राजाचा जीव वाचवतो. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि स्पेशल इफेक्ट्स असे तीन ऑस्कर या चित्रपटाला मिळाले. लॅरी बटलर या तंत्रज्ञाने यात निळ्या पडद्यासमोर चित्रीकरण करून मागे वेगळे दृश्य जोडण्याची पद्धत वापरली. आज सुपरहिरो इमारतींवरून उडतात ते याच पद्धतीच्या सुधारलेल्या रूपामुळे. आपल्या मुलांना हे जरूर सांगावे: या तंत्राच्या अगदी सुरुवातीच्या रंगीत चित्रपटांपैकी एकात उडणारा मुलगा म्हैसूरच्या शेखांच्या घरातला होता.

पण त्या चित्रपटात राजा आणि राजकन्या यांच्या भूमिका गोऱ्या कलाकारांनी केल्या आहेत. पराक्रम अबूचा, लग्न राजाचे. शेवटी राजा जाहीर करतो की अबूला शाळेत घालू, शिकवू, वजीर करू. ते ऐकताच अबू गालिचा उचलून पळ काढतो. प्रेक्षक हसतात, मीही हसलो. पण माझा पेशा मास्तरकीचा. सबंध बगदाद वाचवणाऱ्या मुलाला शिक्षण आणि वजिरी नको असते, त्याला कायम मूलच राहायचे असते, हे कुणाला सोयीचे वाटत असेल, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या काळात हिंदुस्थानी लोक राज्य चालवण्याचा हक्क मागत होते, त्याच काळातला हा शेवट आहे.

पुढे 1992 साली डिस्नेने ‘अलादीन’ काढला तेव्हा या चित्रपटातले बरेच काही त्यात आले. दुष्ट वजिराचे नाव जाफर तसेच राहिले. अबू हे नावही राहिले, फक्त ते नायकाच्या माकडाला दिले गेले. माझे विद्यार्थी अबू म्हटले की त्या माकडाचे नाव घेतात. त्यांचा दोष नाही, त्यांच्यापर्यंत तेवढेच पोहोचले.

1942 मध्ये साबू ‘जंगल बुक’चा मोगली झाला. त्यानंतर हॉलिवूडमध्ये ‘अरेबियन नाइट्स’, ‘कोब्रा वुमन’ असे रंगीबेरंगी चित्रपट आले. नायक जॉन हॉल, नायिका मारिया मॉन्टेझ आणि साबू नायकाचा हुशार सोबती. 1944 साली तो अमेरिकेचा नागरिक झाला, हवाईदलात दाखल झाला आणि बॉम्बफेक्या विमानात तोफची म्हणून पॅसिफिकमध्ये लढला. ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे शौर्यपदक त्याला मिळाले. म्हणजे पडद्यावर दुसऱ्यांचा जीव वाचवणारा हा मुलगा खऱ्या युद्धातही मागे राहिला नाही. पण परत आल्यावर हॉलिवूडकडे त्याच्यासाठी काय होते? 1947 च्या ‘ब्लॅक नार्सिसस’ मध्ये एक चांगली भूमिका मिळाली. नंतर पुन्हा जंगल, हत्ती आणि जादूची अंगठी. मधल्या काळात त्याने सर्कशीत हत्तींचे खेळही केले. मेहबूब खान यांनी ‘मदर इंडिया’तल्या बिरजूसाठी त्याचा विचार केला होता, पण आता तो परदेशी नागरिक होता आणि इथे काम करण्याचा परवाना जमला नाही. बिरजू सुनील दत्त यांनी केला. 2 डिसेंबर 1963 रोजी हृदयविकाराने साबू गेला. डिस्नेचा ‘अ टायगर वॉक्स’ हा त्याचा शेवटचा कौटुंबिक चित्रपट त्याच्या मृत्यूनंतर 1964 मध्ये लागला. त्यातही गोष्ट वाघाचीच होती.

आता इतिहासाची पन्नासेक वर्षे ओलांडू. 2012 साली ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ आला, त्यात आपला इरफान होता. टोंकच्या घराण्यातला, जयपूरला वाढलेला, मुंबईत वर्षानुवर्षे मालिकांत राबलेला. भूमिका डॉ. रजित राठा या कंपनीच्या अधिकाऱ्याची. सूट, टाय, थंड आवाज. ना हत्ती, ना फेटा. भूमिका मोठी नाही. पुलावरच्या प्रसंगानंतर राठा कथेतून गायब होतो आणि त्याचे पुढे काय झाले हे चित्रपट सांगतच नाही. त्याच वर्षीच्या ‘लाइफ ऑफ पाय’ मध्ये मात्र सगळी कथा प्रौढ पायच्या, म्हणजे इरफानच्या तोंडून येते. समुद्र, होडी आणि वाघ यांवर आपला विश्वास बसतो तो त्या चेहऱ्यामुळे. 2015 च्या ‘जुरासिक वर्ल्ड’ मध्ये तो सायमन मसरानी झाला, अख्ख्या डायनासोर उद्यानाचा मालक. साबू ज्या जंगलात वाढला त्याची मालकी महाराजांची होती. पाऊणशे वर्षांनी त्याच मातीतला माणूस पडद्यावर मालकाच्या खुर्चीत बसला. मसरानी चूक करतो, पण संकट आल्यावर दुसऱ्यांना पुढे घालत नाही. तो स्वतः हेलिकॉप्टर घेऊन जातो आणि त्यातच मरतो.

2016 साली ‘जंगल बुक’ पुन्हा आला. या वेळी मोगली होता न्यूयॉर्कमध्ये वाढलेला भारतीय वंशाचा नील सेठी. हिंदी आवृत्तीत शेर खानचा आवाज नाना पाटेकर यांचा, बघीराचा ओम पुरींचा आणि पंजाबी ढंगात बोलणाऱ्या बल्लूचा आवाज इरफानचा. साहेबाने हिंदुस्थानच्या जंगलावर लिहिलेली गोष्ट हिंदुस्थानी लोकांनी आपल्या बोलीत, आपल्या विनोदासह परत घेतली, असे मला ते ऐकताना वाटले.

मात्र मला या सगळ्यात इरफानची सर्वांत मोलाची भूमिका वाटते ती 2017 च्या ‘हिंदी मीडियम’ मधली. मुलीला इंग्रजी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून धडपडणारा, प्रसंगी गरिबीचे सोंग घेणारा चांदनी चौकातला राज बत्रा. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाने हा चित्रपट हसत पाहणे कठीण आहे. आमच्या शाळांची पटसंख्या का घटते, पालक आपल्याच भाषेला का लाजतात, हे त्यात सगळे आहे. इथे नायकाला उडायचे नाही, भिंतीवर चढायचे नाही. त्याला फक्त खरे बोलायचे असते, आणि तेच सर्वांत अवघड ठरते.

आपल्याकडे अशा वेळी दोन प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे ‘पाहा, तो मुसलमान होता’ असा हिशेब मांडणे. दुसरी म्हणजे सिनेमा हा आपला विषयच नाही म्हणून पाठ फिरवणे. पहिलीने साबूला फक्त नाव उरते, काम उरत नाही. स्वतः इरफानने पुढे आपले ‘खान’ हे आडनाव वापरणे सोडले होते. दुसरीने आपली मुले एकटी पडतात, कारण ती सिनेमा पाहणारच आहेत. 2022 मध्ये ‘मिस मार्व्हल’ मालिकेत कमला खान ही जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली मुलगी सुपरहिरो झाली. ती मशिदीत जाते, ईदला नटते आणि फाळणीच्या रेल्वेगाडीपर्यंत तिची कथा पोहोचते. तिच्या वडिलांची भूमिका मोहन कपूर यांची आणि आईची झेनोबिया श्रॉफ या मूळच्या मुंबईच्या पारशी अभिनेत्रीची. ‘द ड्रम’मधल्या अझीमला चांगले ठरण्यासाठी साहेबाचा जीव वाचवावा लागला होता. कमलाला आधी आपल्या अम्मीची समजूत काढावी लागते. हा फरक मुलांना दाखवून द्यायला हवा, आणि तो दाखवायचा तर साबूची गोष्ट माहीत असायला हवी.

म्हणून माझी शिक्षक बंधू-भगिनींना आणि पालकांना विनंती आहे. सुट्टीत मुलांसोबत ‘थीफ ऑफ बगदाद’ जरूर पाहा. चित्रपट संपल्यावर एकच प्रश्न विचारा: अबू शाळेत गेला असता, तर पुढची गोष्ट काय झाली असती? मराठीत लिहोत की उर्दूत, ती गोष्ट त्यांना लिहू द्या.