रोहूचे घर कोणते?

माजलगाव धरणातला रोहू बाजारात दिसला की तो गोदावरीच्या खोऱ्यातलाच, असे आपण धरून चालतो. वास्तविक तो मूळचा उत्तरेचा. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा या नद्यांचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि लोकांच्या तोंडचेच नाव शास्त्रीय नावात घेतले: रोहिता. कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांबाबत तेच केले. त्यांचा 'बोगट' हा रोहूचा भाऊबंद, 'लेबिओ' याच प्रजातीतला. (बीड तेव्हा निजामाकडे आणि साईक्स पूर्वी मुंबई सरकारच्या चाकरीत, गोदावरी मात्र दोन्ही मुलखांतून वाहत होती.)

रोहूच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात. पिल्ले पाण्यातले सूक्ष्म जीव खातात. मोठा मासा मुख्यतः शेवाळ, पाणवनस्पती आणि कुजका पाला. असे अन्न पचायला वेळ लागतो, म्हणून आतडे शरीराच्या कितीतरी पट लांब. एक रोहू आणि एक मांसाहारी मरळ आणून दोघांची आतडी वर्गात दोऱ्याने मोजून पाहावीत.

धरणात रोहू खातो, वाढतो. पण साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. त्याला पावसाळ्यातला पूर आणि पुराखाली गेलेली काठची उथळ जमीन लागते. म्हणून पूर्वी मत्स्यबीज मुख्यतः नदीतूनच गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या जातींची पिल्लेही येत. १९५७ मध्ये ओरिसात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्प माशांकडून अंडी घालवून घेतली. पुराचा जो निरोप या ग्रंथीमार्फत अंडाशयाला मिळतो, तो सुईने दिला गेला.

पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरे झाले. मागोमाग मांजरा आणि माजलगाव. एवढ्या पाण्यासाठी वेगाने वाढणारा मासा हवा होता. लहान चणीचा बोगट त्या हिशोबात बसला नाही, रोहू बसला. त्याची बोटुकली प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून आणून सोडावी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा आटले, लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षीच्या पावसाने धरण भरले, पण आटलेल्या धरणात रोहू पाण्याबरोबर आपोआप परतत नाही.

जलाशय म्हणजे माशाचे घर, हा हिशोब मला अपुरा वाटतो. गेवराईच्या काठची गोदावरी आता पुष्कळशी पैठणच्या दरवाजांप्रमाणे चढते-उतरते, आणि पूर बोगटलाही लागतो.