ओस्तिया : मातीखालचे बंदर

रोमपासून सुमारे ३० किलोमीटरवर, टायबर नदीच्या मुखाशी ओस्तिया हे बंदर वसले होते. इजिप्त व आफ्रिकेतून आलेले धान्य येथूनच राजधानीला पोहोचत असे. पुढे साम्राज्य खचले, वस्ती विरळ झाली आणि नदीच्या गाळाने किनारा दूर सरकला. मध्ययुगात येथील संगमरवर इतर इमारतींसाठी वाहून नेला गेला, बराचसा चुन्याच्या भट्ट्यांत जळाला.

उत्खननाचा इतिहास हा उत्खनन करणाऱ्यांच्या हेतूंचाही इतिहास असतो. पोप सातवे पायस यांनी १८०१ मध्ये येथे खोदकाम सुरू करविले, ते प्रामुख्याने पुतळ्यांसाठी. पुतळे संग्रहालयात गेले. ज्या भिंतींतून ते निघाले, त्यांची फारशी पर्वा कोणी केली नाही. १९०७ पासून दान्ते वाल्येरी यांनी ही दृष्टी बदलली. रस्ते, दुकाने, घरे यांसह अखंड नगर समजून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यानंतर ग्विदो काल्झा यांनी भाडेकरूंच्या अनेकमजली विटांच्या इमारतींचा अभ्यास केला. आपल्याकडील चाळींची आठवण व्हावी, अशा त्या वास्तू होत्या. सामान्य रोमन माणूस कसा राहत होता, हे त्यांतून उमगले.

मात्र १९४२ मध्ये रोमला भव्य जागतिक प्रदर्शन भरविण्याचा मुसोलिनीच्या राजवटीचा बेत होता. त्यासाठी १९३८ पासून अवघ्या चार-पाच वर्षांत उत्खनित क्षेत्र दुपटीहून अधिक वाढविण्यात आले. महायुद्धामुळे प्रदर्शन भरलेच नाही; पण घाईची किंमत इतिहासाला मोजावी लागली. वैभवकाळातील भिंती हव्या होत्या, म्हणून त्यांवरचे उत्तरकालीन थर पुरेशा नोंदींविना उपसले गेले. परिणामी, ओस्तिया लवकरच निर्जीव झाले, असा समज दृढावला. वस्तुतः संत ऑगस्टीन यांची माता मोनिका इ.स. ३८७ मध्ये याच नगरात निवर्तली. त्या काळीही येथे प्रवासी उतरत होते, जहाजांची वाट पाहत होते.

पुढे १९६१ मध्ये विमानतळाचा रस्ता बांधताना ज्यूंचे प्राचीन प्रार्थनास्थळ सापडले. २०१४ मध्ये तर कुदळ न लावता, केवळ भूभौतिक सर्वेक्षणाने नदीपलीकडची तटभिंत व गोदामे उजेडात आली.

नगराचा काही भाग आजही मातीखालीच आहे. उपसलेला थर पुन्हा रचता येत नाही. न उपसलेला मात्र अधिक जाणत्या पिढीची वाट पाहू शकतो.