सातवं पाऊल आधी : मोटारसायकल क्लब, मैत्री आणि प्रेम



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला मोटारसायकल क्लबातल्या प्रेमाशी काय करायचंय? पण मैत्रीतून प्रेम कसं उगवतं, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. आणि त्याचं एक चांगलं उत्तर मला दोन चाकांच्या इतिहासात सापडतं.

सुरुवात घरातूनच करू. पाणिनीच्या व्याकरणात 'साप्तपदीन' असा एक शब्द येतो. सात पावलं बरोबर चालल्यानं जे मिळतं ते साप्तपदीन, आणि त्याचा अर्थ मैत्री. लग्नातली सप्तपदी आठवा. अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू अशी सहा पावलं होतात आणि सातवं पाऊल सख्याचं. म्हणजे आपल्याकडचा क्रम कसा, तर आधी अंतरपाट दूर होणार, आणि मैत्री सगळ्यात शेवटी. झाली तर झाली!

तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं आपल्या नीतिशास्त्राच्या दहापैकी दोन पुस्तकं मैत्रीला दिली. त्याच्या मते मैत्री तीन प्रकारची : कामापुरती, मौजेपुरती आणि माणूस चांगला आहे म्हणून केलेली. ही तिसरी टिकाऊ, पण तिला दोन गोष्टी लागतात. एक, वेळ, एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणूस कळत नाही, ही म्हण तोही सांगतो. दुसरी, बरोबरी. आणि गंमत अशी, की नवरा-बायकोचं नातं मात्र तो बरोबरीचं मानायला तयार नव्हता.

आता मोटारसायकलकडे येऊ. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स नावाचा शर्यतीचा मार्ग १९०७ साली बांधला गेला. तिथल्या मोटारसायकल क्लबाचा नियम असा, की क्लबाच्या शर्यतीत ताशी १०० मैलांहून अधिक वेगानं, म्हणजे साधारण १६० किलोमीटरनं, एक फेरी मारली की सोन्याचा तारा मिळायचा. छातीवर लावायचा छोटासा बिल्ला. १९३४ साली बिअॅट्रिस शिलिंग या तरुण इंजिनिअर बाईनं नॉर्टन गाडीवर ताशी १०६ मैलांनी फेरी मारली आणि तो मिळवला. हिची पहिली मोटारसायकल कोणती? रॉयल एन्फील्ड. वयाच्या चौदाव्या वर्षी घेतलेली. तुमच्या बुलेटचंच घराणं ते.

पुढे ती फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत कामाला लागली. तिथे जॉर्ज नेलर हा सहकारी भेटला. त्यालाही शर्यतींचा नाद. दोघांचं जमलं, तेव्हा बाईंनी अट घातली म्हणतात, की आधी तूही सोन्याचा तारा मिळव, मग लग्न. संवाद नेमका कसा झाला ते ऐकायला आपण तिथे नव्हतो. पण जॉर्जनं तारा मिळवला आणि १९३८ साली लग्न झालं. युद्धात याच बाईंनी विमानाच्या इंजिनातला इंधनाचा एक जीवघेणा दोष साध्या चकतीनं आटोक्यात आणला.

या अटीकडे नीट बघा. ती हुंड्याची नाही, पगाराची नाही, जातीची तर नाहीच. ती बरोबरीची अट आहे. ॲरिस्टॉटलनं नाकारलेली बरोबरी या बाईनं लग्नाआधी मोजून घेतली, आणि तीही घड्याळ लावून.

पण म्हणून क्लबातली प्रत्येक मैत्री प्रेमातच संपते, असंही नाही. त्याच ब्रुकलँड्सवरच्या थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन या दोघी डिसेंबर १९३४ मध्ये लंडनहून निघाल्या. साइडकार लावलेल्या पँथर मोटारसायकलवर सहारा ओलांडून १९३५ च्या जुलैअखेर केपटाऊनला पोहोचल्या. ती मैत्री म्हणूनच पूर्ण होती. मैत्री म्हणजे प्रेमाची उमेदवारी नव्हे, हे तरुण मुलांनी जरा ध्यानात ठेवावं.

आपल्याकडे काय झालं? १९७३ साली 'बॉबी' सिनेमा आला आणि त्यातल्या छोट्या राजदूतला लोक 'बॉबी' म्हणू लागले. पण मुलगी बसायची मागेच. मागच्या सीटवरचं नातं रस्त्यावरच्या प्रत्येकाला लगेच समजतं, किंवा समजलं असं वाटतं. तिथे मैत्रीला जागाच उरत नाही. खरा बदल सिनेमानं केला नाही. तो १९७२ साली पुण्यातून आलेल्या लुनानं आणि १९८४ च्या, गिअर नसलेल्या, बटणावर सुरू होणाऱ्या कायनेटिक होंडानं केला. मुलीच्या हातात स्वतःचं हँडल आलं. २०११ मध्ये तर पुण्यातच 'बायकर्नी' हा स्त्रियांचा मोटारसायकल गट उभा राहिला.

स्वतःचं हँडल असलेली मुलगी गटात येते तेव्हा काय घडतं? गटानं गाडी चालवण्याची एक शिस्त असते. पुढे वाट दाखवणारा, त्याच्या मागे सगळ्यात नवखा, शेवटी सगळ्यांना सांभाळून आणणारा अनुभवी. पुढच्याला ओलांडायचं नाही. ही रांग कौशल्यावर लागते, आडनावावर नाही. इथून चांदवडच्या पुढे राहूड घाटात पावसात कोणाचं चाक पंक्चर झालं, की कोण थांबतं, कोण चिडतं, कोण गुपचूप पाना काढतं, हे सगळ्यांना दिसतं. पाहण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बशीमागून हे कधी दिसेल का?

मंडळी, मुद्दा इथे आहे. आपल्या गावात मुलगा-मुलगी चारदा बरोबर दिसले, की आपण त्यांना दोनच पर्याय देतो : लग्न ठरवा, नाहीतर बोलणं बंद करा. यामुळे होतं काय, तर मैत्री लपते, आणि लपलेल्या मैत्रीत माणूस पारखला जात नाही. मग घाईनं पळून जाणं, नाहीतर घाईनं दुसरीकडे उजवणं. दोन्हींत न पारखलेला माणूस आयुष्यभर गळ्यात. आईबापांची भीती मी खोटी म्हणत नाही. रस्ता धोक्याचा आहे, समाज त्याहून. पण मुलीला हेल्मेट घेऊन देणारा बाप तिला मैत्रीची मोकळीकही देऊ शकतो. हेल्मेट तिला पडल्यावर वाचवेल. मैत्री तिला पडायच्या आधीच माणूस दाखवून देईल.

सप्तपदी मोडा असं मी सांगत नाही. एवढंच म्हणतो, की सातवं पाऊल आधी टाकायची मुभा असू द्या. मग उरलेली सहा टाकायची की नाही, ते त्या दोघांना उघड्या डोळ्यांनी ठरवता येईल.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.